घरचा तीळ: एका गाडग्यात किती वाण?

अमळनेर तालुक्यातील माझ्या मावशीच्या घरी मृगाच्या तोंडावर बियाण्याची गाडगी माळ्यावरून खाली उतरतात. तिळाचे गाडगे लहान असते, त्याच्या तोंडाला फडके बांधलेले असते आणि आत कडुनिंबाचा वाळलेला पाला घातलेला असतो. दोन वर्षांपूर्वी तिने माझ्यासमोर तो तीळ सुपात ओतला आणि म्हणाली, "हाई आपलं घरनं बी शे." दुरून पाहता सूपभर तीळ एकसारखा पांढरा दिसत होता. उंबऱ्यापाशी उजेडात नेऊन तो हाताने पातळ पसरला, तेव्हा मात्र त्यात मोतिया दाणे दिसले, पिवळसर दिसले, फिकट तपकिरी दिसले आणि मधूनच एखादा काळाभोर दाणाही दिसला. काही दाण्यांचे टरफल गुळगुळीत होते, तर काहींचे बोटाला किंचित खरखरीत लागत होते. बाजारात अशा मालाला मिश्र माल म्हणतात आणि त्याला भाव कमी मिळतो. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर त्या सुपातील मिश्रण हीच त्या बियाण्याची खरी मालमत्ता आहे. ती मालमत्ता नेमकी कशाची बनलेली असते आणि ती कशी हातची जाते, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण ते समजल्याशिवाय ती राखताही येत नाही.

प्रत्येक झाडाच्या पेशींमध्ये त्याच्या घडणीच्या सूचना साठवलेल्या असतात. त्या सूचनांच्या एककाला जनुक म्हणतात आणि ही जनुके गुणसूत्रांवर ओळीने बसलेली असतात. तिळात गुणसूत्रांच्या 13 जोड्या आहेत. 2014 साली तिळाची संपूर्ण जनुकीय मांडणी वाचून प्रसिद्ध झाली, तेव्हा त्यात सुमारे 27 हजार जनुके मोजली गेली. तिळाच्या सर्व झाडांत ही जनुके बहुतांशी तीच असतात; फरक असतो तो एकेका जनुकाच्या रूपात. फुलोरा लवकर येणार की उशिरा, पानाच्या बेचक्यात एक बोंड लागणार की तीन, टरफलाचा रंग कोणता, हे त्या त्या जनुकाचे कोणते रूप झाडाला मिळाले यावर ठरते. अशी जितकी वेगवेगळी रूपे आणि त्यांच्या जितक्या वेगवेगळ्या जुळण्या एखाद्या पिकात शिल्लक असतील, तितकी त्या पिकाची आनुवंशिक विविधता. ही विविधता एका झाडाजवळ नसते; ती नेहमी अनेक झाडांत मिळून असते.

आता तिळाच्या फुलाकडे पाहू, कारण पुढचे सारे त्याच्यावर अवलंबून आहे. तिळाचे घंटेसारखे फूल पहाटे उमलते. उमलता उमलताच त्याचे परागकोश फुटतात, त्याच फुलातील पराग त्याच्याच कुक्षीवर पडतो आणि संध्याकाळपर्यंत पाकळ्यांची ती नळी गळून जमिनीवर येते. म्हणजे बहुतेक बोंडे स्वपरागणाने, झाडाच्या स्वतःच्याच परागाने धरतात. मधमाश्या आणि भुंगे येऊन एका झाडाचा पराग दुसऱ्याकडे नेतात खरे, परंतु अशा परपरागणाचे प्रमाण सहसा शेकडा 5 च्या आसपास असते. माश्यांची वर्दळ मोठी असेल तेथे ते बरेच वाढते.

स्वपरागणाचा परिणाम साध्या हिशेबाने कळतो. समजा, एखाद्या झाडाला एका जनुकाची दोन वेगळी रूपे मिळाली आहेत, एक आईकडून आणि एक बापाकडून. ते झाड स्वतःच्याच परागाने बी धरू लागले, तर पुढच्या पिढीत अशी संमिश्र झाडे निम्मी उरतात, त्याच्या पुढच्या पिढीत चौथा हिस्सा आणि त्यापुढे आठवा हिस्सा. सहाव्या पिढीपर्यंत शंभरात जेमतेम दीड झाड संमिश्र राहते; बाकीच्यांत कोणते तरी एक रूप पक्के झालेले असते. अशा पक्क्या झालेल्या झाडाच्या संततीला शुद्ध वंश म्हणतात. डेन्मार्कचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म योहानसेन यांनी 1903 साली घेवड्याच्या दाण्यांवर केलेल्या प्रयोगांतून ही गोष्ट मांडली. बाजारातून आणलेल्या मिश्र घेवड्यातून लहान-मोठे दाणे निवडून पेरले, तर निवडीचा परिणाम दिसत होता. परंतु एकाच शुद्ध वंशातील लहान आणि मोठे दाणे वेगवेगळे पेरले, तर दोघांची संतती सरासरीने सारखीच निघत होती. म्हणजे निवडीला वाव मिळतो तो मिश्रणात, शुद्ध वंशात नाही.

मावशीच्या गाडग्यातील तीळ हा असा अनेक शुद्ध वंशांचा एकत्र नांदणारा समूह आहे. खेड्यात एकाच आडनावाची पंचवीस घरे असतात. बाहेरच्या माणसाला ते सारे एकच कुळ वाटते, पण आत प्रत्येक घराची चाल वेगळी असते, तसे हे आहे. अधूनमधून होणाऱ्या परपरागणामुळे दोन घरांची सोयरीक जुळते, त्यातून नवी जुळणी जन्माला येते आणि काही पिढ्यांत तीही स्वतंत्र वंश म्हणून पक्की होते. म्हणून पारंपरिक वाणाला एकच एक बियाणे समजणे ही मुळातली चूक आहे. सुधारित वाण बहुधा एका वंशाचा असतो. पारंपरिक वाण हा लोकसमुदायासारखा असतो.

येथे सातपुड्यातील दुसऱ्या एका तेलबीची तुलना केल्यावाचून विषय पुरा होत नाही. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरउतारांवर खुरासणीची, म्हणजे कारळ्यांची, पिवळी शेते दिसतात. मुळात इथिओपियातून आलेल्या या पिकाचा स्वभाव तिळाच्या अगदी उलट आहे. खुरासणीच्या झाडाला स्वतःचा पराग चालत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग घेऊन मधमाशी आली तरच दाणा धरतो. परिणामी तेथे शुद्ध वंश तयारच होत नाहीत, प्रत्येक दाणा नव्या सोयरिकीतून जन्मतो आणि एकाच शेतात जनुकांची जवळजवळ सारी रूपे दरवर्षी नव्याने पिसली जातात. खुरासणीची विविधता प्रामुख्याने शेताच्या आत असते. तिळाची विविधता मात्र मोठ्या प्रमाणात शेताशेतांत, घराघरांत आणि गावागावांत वाटलेली असते.

हा फरक पुस्तकी वाटेल, पण नुकसानीचा हिशेब मांडताना तो फार मोलाचा ठरतो. खुरासणीच्या पाच गावांपैकी एका गावाने पीक सोडले, तर उरलेल्या चार गावांत बहुतेक जनुकीय रूपे सापडण्याची आशा असते. तिळाच्या बाबतीत एका घराने गाडगे रिकामे केले, तर त्या गाडग्यातील एखादा वंश शेजारच्या गावात असेलच, असे सांगता येत नाही. "कोठे तरी कोणाकडे तरी जुना तीळ असेलच" हे आपण सहज बोलतो. माझ्या मते तिळाबाबत हे वाक्य धोक्याचे आहे.

वंशावंशांत फरक असतो म्हणजे काय, हे भाद्रपदात तिळाच्या शेतात उभे राहिल्यावर डोळ्यांना दिसते. मावशीच्या बांधालगतच्या पट्ट्यात एक झाड काठीसारखे सरळ, फांदीच नसलेले होते; त्याला खेटून उभे असलेले झाड बुंध्यापासूनच पाच-सहा फांद्यांनी पसरले होते. बहुतेक झाडांना पानाच्या बेचक्यात एकेकच बोंड होते, पण एका झाडाला प्रत्येक बेचक्यात तीन बोंडे होती, मधले मोठे आणि दोन्ही बाजूंना धाकटी. तीन बोंडांचा हा गुण अप्रभावी आहे. एका बोंडाचे रूप सोबत असले की तो झाकला जातो आणि दोन्हीकडून तीन बोंडांचेच रूप मिळाले तरच प्रकट होतो. स्वपरागणी पिकात असे झाकलेले गुण लवकर उघडे पडतात, म्हणून तिळाचे जुने शेत हे निरीक्षण करणाऱ्याला पुष्कळ काही शिकवते. काही झाडांवर बारीक लव होती, काही तुळतुळीत होती. काहींची खालची बोंडे पिवळी पडू लागली होती, तर काहींच्या शेंड्यावर अजून फुले होती.

या शेवटच्या फरकाचा खानदेशातील पावसाशी थेट संबंध आहे. ऐन फुलोऱ्यात पावसाने दीर्घ उघडीप दिली, तर एकाच वेळी फुलणाऱ्या शेताचे सगळे पीक एकदम सापडते. मिश्र शेतात काही झाडे फुलून गेलेली असतात, काही फुलायची असतात आणि थोडे का होईना, घरापुरते पीक हाती येते. उलट बाजूही तितकीच खरी आहे आणि ती झाकून ठेवणे योग्य नाही. तिळाचे पक्के बोंड टोकाकडून उकलते आणि दाणे खाली सांडतात, म्हणून बोंडे पिवळी पडू लागताच कापणी करून पेंढ्या उभ्या रचाव्या लागतात आणि वाळल्यावर त्या उलट्या धरून झटकाव्या लागतात. शेत मागेपुढे पिकत असेल, तर लवकर पिकलेल्या झाडांचे दाणे मातीत जातात आणि उशिराची बोंडे पोची राहतात. चांगल्या पावसाच्या वर्षी जुना मिश्र तीळ सुधारित वाणापेक्षा कमीच उतरतो. त्याचे मोल वाईट वर्षी आणि नवे वाण तयार करणाऱ्या पैदासकाराच्या हातात कळते.

पैदासकाराच्या हातात म्हणजे कसे, याचे एक उदाहरण देतो. तिळाच्या उकलणाऱ्या बोंडाने जगभरच्या शेतकऱ्यांना त्रास दिला आहे. 1943 साली व्हेनेझुएलामध्ये पैदासकार डी. जी. लँगहॅम यांना शेतात बोंड न उकलणारे एक झाड सापडले. हा गुण एकाच अप्रभावी जनुकाचा निघाला. त्याच्यासोबत इतर दोष आले आणि बोंड इतके घट्ट राहिले की दाणे काढणेच अवघड झाले, त्यामुळे तो जसाच्या तसा उपयोगी पडला नाही. तरीही तिळाची कापणी यंत्राने होऊ शकेल, या विचाराला त्या एका झाडाने बळ दिले. असे गुण मागून मिळत नाहीत. ते कोठल्या तरी शेतात आधीच उभे असावे लागतात.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. तिळावर पर्णगुच्छ नावाचा रोग येतो. फायटोप्लाझ्मा हा अतिसूक्ष्म जीव तो घडवतो आणि तुडतुडे तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. रोगट झाडाच्या फुलांची हिरवी पाने होतात आणि बोंडांच्या जागी पानांचे झुबके लटकतात. असे झाड दाणा देत नाही. या रोगाला तोंड देणारे गुण पैदासकारांना ज्या ठिकाणी सापडतात, त्यांत रानतिळाचे नाव वरचे आहे. जांभळट फुलाचा आणि खडबडीत, गडद दाण्यांचा हा रानतीळ भारतात पडीक जमिनीवर आणि बांधावर आपोआप उगवतो. त्याचीही गुणसूत्रे 13 जोड्याच आहेत आणि लागवडीच्या तिळाशी त्याचा संकर सहज होतो, म्हणूनच तीळ याच रानतिळापासून भारतीय उपखंडात माणसाळला, असे मानले जाते. हडप्पा येथील उत्खननात जळालेला तीळ सापडला आहे. म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीही हे पीक आपल्याकडे होते. 'तेल' हा शब्दच 'तिल'पासून आलेला आहे. ज्या प्रदेशात पीक जन्मते, तेथे त्याच्या रानटी भाऊबंदांशी त्याची देवाणघेवाण चालू राहते. त्यामुळे बांधावरचा रानतीळ तण म्हणून सरसकट उपटला जातो, तेव्हा त्याबरोबर थोडी विविधताही जाते.

माणसाच्या रीतिरिवाजांनीही विविधता राखली आहे. संक्रांतीच्या तिळगुळाला पांढरा तीळ लागतो आणि पितरांच्या तर्पणाला काळा. त्यामुळे तेलासाठी काळ्या तिळाची गरज नसली, तरी घरोघर त्याची एखादी ओळ पेरली जात असे. तिची जागा आता दुकानातील पुडीने घेतली आहे.

सुधारित वाणांविषयी मला आकस नाही. जळगावचे तेलबिया संशोधन केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत काम करते. तेथून आलेल्या 'तापी' आणि 'पद्मा' या लवकर तयार होणाऱ्या तिळाच्या वाणांनी शेतकऱ्याला कमी दिवसांत पीक दिले. याच केंद्राचा 'जेएल-24' किंवा 'फुले प्रगती' हा भुईमुगाचा वाण 1970च्या दशकाच्या अखेरीस आला. तैवानहून आणलेल्या बियाण्यातून निवड करून तो तयार झाला होता. साधारण नव्वद दिवसांत निघणारा हा वाण देशभर पसरला आणि पुढे आफ्रिकेतील मलावीसारख्या देशांतही पोहोचला. खानदेशाला त्याचा अभिमान वाटावा, अशीच ती कामगिरी आहे. पण तांबेरा आणि टिक्का या पानांवरील रोगांना हा वाण सहज बळी पडतो. एकच वाण लाखो एकरांवर असतो, तेव्हा त्याचा एक दुबळेपणाही लाखो एकरांवर असतो.

भुईमुगाची अडचण तर आणखी खोल आहे. आज जगात पिकणारा सारा भुईमूग दक्षिण अमेरिकेतील दोन रानटी जातींच्या बहुधा एकाच संकरातून, काही हजार वर्षांपूर्वी निर्माण झाला. त्या संकरात गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि नवे झाड आपल्या रानटी नातलगांशी सहज संकर करू शकेनासे झाले. दाराशी येणारी सोयरीकच तुटली. तांबेऱ्याला तोंड देणारी जनुके मिळवण्यासाठी शास्त्रज्ञांना पुन्हा दक्षिण अमेरिकेतील 'ॲरॅकिस कार्डेनासी' या रानटी जातीकडे जावे लागले आणि ती लागवडीच्या भुईमुगात आणण्यासाठी संकराच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. तिळाच्या बाबतीत तो साठा आपल्या बांधावर आणि माळ्यावर आहे, ही केवढी अनुकूल गोष्ट आहे, हे या तुलनेतून कळते.

तो साठा सोडून दिल्याने जातो, तसा तो राखता राखताही जातो. तिळाचा दाणा बारीक असतो. हजार दाण्यांचे वजन सुमारे 3 ग्रॅम भरते, म्हणजे किलोभर तिळात तीन लाखांहून अधिक दाणे असतात. त्यावरून असे वाटते की किलोभर बी ठेवले म्हणजे सर्व काही ठेवले. परंतु एका झाडाला 40 बोंडे आणि एका बोंडात 60 दाणे धरले, तर एकच झाड 2400 दाणे देते आणि किलोभर बी अवघ्या 140 झाडांतून भरते. जेथे घरापुरत्या चार ओळीच पेरायच्या असतात, तेथे चांगल्या दिसलेल्या पाच-सात झाडांचे मूठभर बी पुरते आणि ती पाच-सात झाडे कदाचित दोन-तीन वंशांचीच असतात. मुठीत दाणे हजारो दिसतात, पण त्यांच्या मागे आया मोजक्याच असतात. असे दोन-तीन हंगाम झाले की कोणीही काहीही टाकून न देता निम्मे वंश नाहीसे होतात. शास्त्रात याला जनुकीय विचलन म्हणतात. यात गुणाचा काही दोष नसतो, केवळ मोजकी निवड आणि योगायोग पुरेसा असतो.

मग किती झाडांचे बी ठेवावे? याचे उत्तर शाळेतील संभाव्यतेच्या गणिताने मिळते. समजा, एक गुण शंभरातील पाच झाडांत आहे. कोणतेही एक झाड उचलले तर त्यात तो गुण नसण्याची शक्यता 0.95 असते, दोन झाडे उचलली तर दोन्हींत नसण्याची 0.95 गुणिले 0.95. असे करत 59 झाडांपर्यंत गेले की तो गुण पूर्णपणे निसटण्याची शक्यता शेकडा 5 च्या खाली येते. तोच गुण शंभरातील एकाच झाडात असेल, तर तितकीच खात्री मिळवण्यासाठी सुमारे 300 झाडांपर्यंत जावे लागते. म्हणून झाडांची संख्या महत्त्वाची, दाण्यांचे वजन नव्हे. प्रत्येक झाडाचे एकेकच बोंड घेतले तरी चालते.

बी कोठून घ्यावे, याबाबत रेणवीय खुणांच्या, म्हणजे डीएनएतील ओळखीच्या ठिकाणांच्या, अभ्यासांनी एक अनपेक्षित गोष्ट पुढे आणली आहे. तिळाच्या जनुकांतील अंतर आणि नकाशावरील अंतर पुष्कळदा जुळत नाही. शेजारच्या दोन गावांचा तीळ एकमेकांपासून दूरचा निघतो आणि दूरच्या दोन प्रांतांचा जवळचा. बारीक, टिकाऊ आणि पदराच्या गाठीत मावणारे हे बी माहेराहून सासरी जाते, आठवडी बाजारात हात बदलते आणि व्यापाऱ्याबरोबर शेकडो कोस प्रवास करते, हे लक्षात घेतले की त्यात नवल उरत नाही. संकलन करणाऱ्याने जिल्ह्यामागे एक नमुना घेऊन समाधान मानू नये. घराघरांत विचारणे हाच येथे शास्त्रशुद्ध मार्ग आहे.

जमवलेले बी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन संस्थेच्या जनुकपेढीत ठेवले जाते. या संस्थेचे एक विभागीय केंद्र अकोल्याला आहे. जनुकपेढीत बी वाळवून उणे 18 अंश सेल्सियसला ठेवतात आणि ते अनेक दशके जिवंत राहते. मात्र तेथील बी जसे गेले तसेच थांबते, तर शेतातले बी दरवर्षीच्या पावसाला, तुडतुड्यांना आणि उन्हाला सामोरे जाऊन बदलत राहते. दोन्ही हवे. कायद्याची बाजूही शेतकऱ्याला माहीत असावी. 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क आहे, आणि शेतकऱ्यांच्या वाणांची नोंदणीही करता येते. नोंदणीसाठी वाण एकसारखा असावा, अशी अपेक्षा असते आणि शेतकऱ्यांच्या वाणांसाठी ती काहीशी सैल केलेली आहे. तरीही नोंदणीच्या उत्साहात आपला मिश्र तीळ निवडून निवडून एकरंगी करून टाकू नये, असे मला कळकळीने वाटते.

गेल्या आश्विनात आम्ही मावशीच्या शेतात दोन पिशव्या घेऊन फिरलो. एका पिशवीत तिने तिच्या पारखीने निवडलेल्या, भरदार झाडांचे बी घेतले; ते पेरणीसाठी. दुसऱ्या पिशवीसाठी आम्ही एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके चालत गेलो आणि दर दोन-तीन पावलांवर जे झाड हाताला येईल त्याचे मधले एक बोंड खुडले. झाड उंच की बुटके, दाणा काळा की पांढरा, हे पाहिले नाही. तीनशे बोंडे मोजून झाली, तेव्हा पिशवी जेमतेम ओंजळभर भरली होती. ते बी वाळवून तिने वेगळ्या गाडग्यात घातले, वर निंबाचा पाला ठेवला आणि फडक्यावर कोळशाने वर्ष लिहिले.